दोनदा कापलेले केस

त्या गल्लीतल्या बहुतेक पुरुषांचे केस दोनदा कापले जात. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात, कात्रीमामांच्या खुर्चीत. मग मागच्या गल्लीला वळसा घालून धाकट्याच्या दुकानात, पडद्याआड. पहिल्या ठिकाणी आरशात बघून "झकास" म्हणायचं, दुसऱ्या ठिकाणी काही न बोलता मान पुढे करायची. दोन वर्षं हे असं चाललं होतं आणि कोणाला त्यात विचित्र वाटेनासं झालं होतं. नवीन राहायला आलेल्या माणसाला शेजारी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवायचे, की कचऱ्याची गाडी लवकर येते, वळणावरचा कुत्रा नुसता भुंकतो, आणि केस मामांकडेच कापायचे पण नंतर धाकट्याकडे जायचं.

कात्रीमामा हे नाव आवाजावरून पडलं होतं. त्यांची कात्री केसांत चालायची तशी हवेतही चालायची. दोन कापांच्या मध्ये बोटं थांबत नसत. त्या एकसुरी आवाजाने खुर्चीतल्या माणसाला डुलकी लागायची. दुकान लहान होतं. दोन खुर्च्या, समोर आरसा, पाठीमागे आरसा, एक बाकडं, खिडकीत भूगोलाच्या जुन्या नकाशासारखा दिसणारा डागाळलेला पडदा. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत असायची. त्या खुर्चीवर पूर्वी धाकटा काम करायचा. मामांनीच त्याला कंगवा कसा धरायचा इथपासून शिकवलं होतं. पुढे त्याने स्वतःचं दुकान टाकलं. मामा म्हणाले होते, "जा, पण माझ्या गिऱ्हाइकांकडे बघू नकोस." धाकट्याने मान डोलावली होती. आता त्याने चाळिशी ओलांडली होती, स्वतःच्या डोक्यावर फारसं काही उरलं नव्हतं, पण गल्लीसाठी तो धाकटाच होता.

मामांना काचबिंदू झाला होता. आधी बाजूची नजर गेली, तीही इतकी हळू की गेल्याचं त्यांना बराच काळ कळलंच नाही. दाराच्या चौकटी खांद्याला लागू लागल्या, बाकड्यावर बसलेल्यांच्या पायांना धक्के बसू लागले. "पाय काय रस्त्यात टाकून बसतोस," असं ते वर त्यालाच म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायचं असेल तर थेंब रोज घालायचे. उरलेलं होतं ते मधोमध होतं आणि स्वच्छ होतं, नळीतून बघावं तसं. त्या गोलात गिऱ्हाइकाचा एक कान नीट मावायचा, त्याच्यावरचा केस न केस दिसायचा. दुसरा कान मात्र त्या वेळी जगातच नसायचा. त्यामुळे मामांनी कापलेली उजवी बाजू सुरेख असायची आणि डावी बाजूही सुरेख असायची. फक्त त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या वाटायच्या.

हे त्यांनी एकट्या मामींना सांगितलं होतं. थेंबांची बाटली दुकानाच्या खणात पावडरच्या डब्यामागे लपवलेली असायची.

"लोक माझ्या हातात मान देतात," ते मामींना म्हणाले होते. "नजर गेलेल्याच्या हातात कोण देईल? कळलं त्या दिवशी दुकान बंद."

"मग नका सांगू," मामी म्हणाल्या. "पण कपाटाचं दार आपणहून येऊन कपाळाला लागलं, असलं निदान मला तरी सांगू नका."

गल्लीला कळलं ते मात्र फार आधीच. थेंब ज्याच्याकडून यायचे तो औषधवाला मामांचा लहानपणापासूनचं गिऱ्हाईक होता. मामी बाटली न्यायला आल्या तेव्हा तो काही बोलला नाही. घरी जाऊन त्याने आरशात आपले कल्ले पाहिले. एक कानाच्या पाळीपाशी संपत होता, दुसरा पार जबड्यापर्यंत आला होता. दोन गोष्टी त्याने जुळवल्या आणि तो धाकट्याकडे गेला. धाकट्याने पडदा ओढला, कल्ले सारखे केले आणि एवढंच म्हणाला, "उस्तादांना कळता कामा नये." तिथून ही रीत पडली. पैसे घ्यायला धाकटा तयार नव्हता. हे माझ्या दुकानाचं काम नाही, त्या दुकानाचं उरलेलं काम आहे, असं तो म्हणायचा.

दाढीचा प्रश्न गल्लीने वेगळ्या पद्धतीने सोडवला. वस्तऱ्याच्या बाबतीत भिडस्तपणा परवडणारा नव्हता. पुरुषांनी एकामागून एक दाढ्या वाढवल्या. मामांना वाटलं, फॅशन आली.

बिनसलं ते भाजीच्या गाड्यावर. तिथे कोणीतरी मामींना सहज म्हणालं, की तुमच्याकडे केस कापणारे मुख्याध्यापक परवा धाकट्याच्या दुकानातून बाहेर पडताना दिसले. मामींनी ते घरी सांगायला नको होतं, पण सांगितलं. मामा जेवता जेवता थांबले.

"त्याला मी वस्तऱ्याला धार लावायला शिकवलं," ते म्हणाले. "माझ्याच मानेवर लावली."

त्याच आठवड्यात दुकानाच्या दारात पांढऱ्या काठीचा आवाज आला.

"मी आलो," दारातला माणूस म्हणाला. "ऑपरेटर. खुर्ची कुठे आहे?"

हे मामांहून वयाने मोठे गृहस्थ होते, टेलिफोन केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांना अजिबात दिसत नव्हतं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी दुपारी नजर गेलेल्यांची मंडळी जमायची, ती त्यांनी जमवलेली होती. रोज संध्याकाळी ते त्यातल्या प्रत्येकाला फोन करायचे. कोणी उचलला नाही तर त्याच्या शेजाऱ्याला करायचे आणि दार वाजवून बघायला सांगायचे. हे मामांना ऐकून माहीत होतं. आतापर्यंत त्यांनी त्या वाचनालयाचा रस्ताच टाळला होता.

ऑपरेटर खुर्चीत बसले आणि मामांना हलकं वाटलं. कित्येक महिन्यांनी असं गिऱ्हाईक आलं होतं ज्याच्या नजरेची भीती नव्हती. त्यांनी निवांत हात चालवला, कात्री हवेत खुशाल वाजू दिली. शेवटी सवयीने विचारलं, "बघा, ठीक आहे का?" आणि जीभ चावली.

ऑपरेटरांनी दोन्ही हात चादरीतून बाहेर काढले आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी केसांतून बोटं फिरवली.

"डावीकडे जास्त राहिलेत."

"नाही हो. तो उजेडाचा फरक आहे."

"असेल. माझ्या बोटांना उजेड लागत नाही."

मामांनी डावी बाजू कमी केली. बोटं पुन्हा फिरली. आता उजवीकडे जास्त होते. मामांनी उजवी कमी केली.

"असंच चाललं तर मी तुळतुळीत होऊन घरी जाईन," ऑपरेटर म्हणाले. "तुम्हाला किती दिसतं?"

कात्री थांबली. दुकानात ती थांबलेली कोणी फारशी ऐकली नव्हती.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आल्यापासून तुम्ही माझ्या गुडघ्याला सारखे धडकताय. मीही धडकायचो. तेव्हा मी पण सांगायचो, लोकच पाय पसरून बसतात म्हणून."

मामांनी दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं. हळू आवाजात ते म्हणाले, "मधलं दिसतं. चांगलं दिसतं. मी आंधळा नाही."

"आमच्याकडे निम्मे लोक हेच म्हणत येतात. बुधवारी या." ऑपरेटर उठले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून दाराचा अंदाज घेतला. "मी निघालो," ते म्हणाले आणि गेले.

मामा बुधवारी गेले नाहीत. पण त्यांच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. हे वाकडं झालं, तर बाकीचे? दुसऱ्या दिवशी औषधवाला आला. मामांनी जास्तीत जास्त लक्ष देऊन त्याचे केस कापले.

"कसे झालेत?"

"झकास, मामा. नेहमीसारखे."

मामांनी चादर झटकण्याचं निमित्त केलं आणि दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावरून बोटं फिरवली, ऑपरेटरांनी फिरवली होती तशी. उजवीकडे बोट लवकर मोकळं झालं. डावीकडे ते केसांत बुडलेलंच होतं.

औषधवाला निघाला तसे मामाही भिंतीला हात लावत त्याच्या मागे निघाले. नळीतून त्याची पाठ दिसत होती, हरवत होती, पुन्हा सापडत होती. औषधांचं दुकान डावीकडे होतं. पाठ उजवीकडे वळली, मागच्या गल्लीत.

धाकट्याच्या दुकानाचा पडदा मामांनी एका झटक्यात सरकवला. औषधवाला गळ्यापर्यंत चादर गुंडाळून बसला होता. धाकट्याच्या हातात कंगवा होता.

"कधीपासून पळवतोयस माझी माणसं?"

"मामा, मी नुसता..." औषधवाला म्हणाला.

"तू गप्प बस. तुला नंतर बघतो."

"पळवली असती," धाकटा सावकाश म्हणाला, "तर ती आधी तुमच्याकडे कशाला आली असती, उस्ताद?"

मामांनी औषधवाल्याच्या डोक्यावर हात ठेवले. आताच ज्या बाजूला बोट बुडलं होतं, ती बाजू अर्धी सारखी झाली होती.

"हे काय करतोस तू?"

"तुमच्या दोन बाजूंची एकमेकींशी ओळख करून देतो."

मामा बाकड्यावर बसले.

"सगळे येतात?"

"सगळे."

"मुख्याध्यापक?"

"त्यांना तर दोनदा यावं लागतं. भोवरा आहे ना त्यांच्या डोक्यात."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. डोळ्यांचं."

"बाटली माझ्याच दुकानातून जाते, मामा," औषधवाला चादरीतून म्हणाला. "मामींना देताना मी काय डोळे मिटून देतो?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि आता काय वाटत असेल मला?" मामा म्हणाले. "नजर गेली ते मी पचवलं होतं. मला वाटत होतं, हात तरी तोच राहिलाय. दोन वर्षं मी त्या भ्रमात होतो. तुम्ही मला वेड्यात काढलंत."

मामा उठले. दाराशी थांबून, मागे न वळता त्यांनी विचारलं, "त्या ऑपरेटरांना तूच पाठवलंस ना?"

"हो. तुमच्यासमोर तोंड उघडायची माझी हिंमत होत नाही. त्यांची होते."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचं दुकान उघडलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. लोक बंद दारासमोरून आवाज न करता जायचे, आजारी माणसाच्या खोलीबाहेरून जावं तसे. औषधवाला अर्ध्या कापलेल्या केसांवर टोपी घालून काउंटरवर बसला होता, कारण धाकट्यालाही त्या दिवशी पुढे कात्री चालवावीशी वाटली नव्हती. घरी मामा दुकान विकायची भाषा करत होते.

"विकायचं तर विका," मामी म्हणाल्या. "पण बुधवारी त्या लोकांकडे जाऊन या. मग विका. घरात बसून मला सल्ले देणारा माणूस आयुष्यभर झेपणार नाही मला."

वाचनालयाच्या मागच्या खोलीत लांबट टेबल होतं आणि त्याभोवती खुर्च्या. त्या कधीही हलवायच्या नाहीत असा दंडक होता. आत येणारा दारातच आपलं नाव सांगायचा आणि जाणारा 'निघालो' म्हणायचा, कारण निघून गेलेल्या माणसाशी बोलत बसण्याची फजिती तिथे प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवली होती. सगळे स्थिरस्थावर झाले की ग्रंथपाल बाई टेबलाभोवती एक फेरी मारायच्या. बाईंना दिसत होतं. या फेरीला ती मंडळी 'आरसा' म्हणायची.

"तुमचं वरचं बटण खालच्या काजात आहे," बाई एकाला म्हणाल्या. "तुमच्या हनुवटीला टूथपेस्ट लागलीय. तुमचे मोजे वेगवेगळ्या रंगांचे आहेत, पण शोभतायत." कोणी ओशाळत नव्हतं. बटण काढलं जायचं, हनुवटी पुसली जायची, गप्पा पुढे चालू व्हायच्या.

मामांपाशी येऊन त्या म्हणाल्या, "तुमचा स्वेटर उलटा आहे."

मामा घरून तसेच चालत आले होते. वाटेत शेजारी भेटले होते, भाजीवाला भेटला होता, मुख्याध्यापकांनी तर थांबून हवापाण्याची चौकशी केली होती.

"रस्त्यात कोणीच बोललं नाही," ते म्हणाले.

"भली माणसं दिसतात," ऑपरेटर म्हणाले. "भल्या माणसांना जरा शिकवावं लागतं."

स्वेटर सुलटा करता करता मामांना हसू आलं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, केसांचं, पडद्याचं, फॅशनच्या दाढ्यांचं. टेबलाभोवती लोक पोट धरून हसले. त्यात कीव नव्हती, कारण प्रत्येकाकडे असला एखादा किस्सा होता. एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, त्यांची मधली नजर गेली होती आणि बाजूची शाबूत होती, म्हणजे मामांच्या बरोबर उलट.

"गिऱ्हाइकाला चादर कुठल्या रंगाची घालता?" त्यांनी विचारलं.

"पांढरी."

"आणि केस पांढरे असले तर? मग दिसणार काय तुम्हाला, कपाळ? गडद चादर घ्या. आणि खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवा, म्हणजे लोकांच्या नडग्या वाचतील."

"ते सगळं ठीक," मामा म्हणाले. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच होतं. "पण उघड सांगितल्यावर लोक मान देतील का माझ्या हातात?"

"मी दिली की," ऑपरेटर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "वस्तऱ्याला नाही देणार. तिथे मीही नाही देणार."

मामांनी मान हलवली. मग लक्षात आलं की ती ऑपरेटरांना दिसणार नाही, म्हणून मोठ्याने म्हणाले, "बरोबर आहे."

त्या संध्याकाळी ते धाकट्याच्या दुकानात गेले. वस्तरा फडक्यात गुंडाळून आणला होता. तो त्यांनी त्याच्या हातात ठेवला.

"धार बघून घे."

"उस्ताद, हा तुमचा आहे."

"म्हणूनच देतोय. आणि ती दुसरी खुर्ची रिकामी पडलीय. सकाळच्या वेळी येऊन दाढ्या तू करायच्या. तुझं दुकान दुपारी उघड." मग ते समोरच्या खुर्चीत बसले. "आता माझे काप. दोन वर्षं डोळ्यांचं कळेल या भीतीने तुझ्याकडे आलो नाही, मागे कसं झालंय देव जाणे."

"भयंकर झालंय," धाकटा म्हणाला. उस्तादांशी तो इतकं खरं पहिल्यांदाच बोलत होता.

दुकान उघडलं तेव्हा जमिनीवर पिवळ्या पट्ट्या होत्या आणि खुंटीवर दोन रंगांच्या चादरी. थेंबांची बाटली आरशासमोर, पावडरच्या डब्याच्या पुढे ठेवलेली होती. वेळ झाली की मामा गिऱ्हाइकाला "थांब जरा" म्हणून मान वर करून थेंब घालायचे. लपवणं हे त्यांचं दिवसभराचं दुसरं काम होतं. ते सुटल्यावर किती रिकामा वेळ हाताशी आला याचं त्यांना नवल वाटलं. मामी म्हणायच्या, आता झोपेत बडबडत नाहीत.

एक नियम नवा होता. खोट काढल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. दोन्ही हात बाहेर काढायचे, दोन्ही बाजूंनी बोटं फिरवायची आणि कुठे कमी-जास्त आहे ते सांगायचं. मामाही मागून तशीच बोटं फिरवायचे. पहिले काही दिवस जड गेले. आयुष्यभर मुलांच्या चुका काढण्यात घालवलेले मुख्याध्यापक इथे मात्र "उत्तम, उत्तम" करत बसायचे आणि मामा त्यांची चादर सोडायचे नाहीत.

"मला शाळेत जायचंय हो."

"मग भोवऱ्यापाशी काय झालंय ते सांगा."

"थोडं... उभं राहिलंय."

"शाब्बास. बसा अजून दोन मिनिटं."

दुसऱ्या खुर्चीवर धाकटा दाढ्या करायचा. फॅशन हळूहळू ओसरली आणि गल्लीने बऱ्याच दिवसांनी एकमेकांच्या हनुवट्या पाहिल्या. बुधवारी दुपारी मामा वाचनालयात असायचे. त्या मंडळींतले बरेच जण आता केस कापायला त्यांच्याकडे येत. खोट काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

औषधवाला सगळ्यात शेवटी आला. बरेच दिवस त्याला तोंड दाखवायला संकोच वाटत होता. अर्धे केस धाकट्याने पूर्ण केले होते, ते आता पुन्हा वाढले होते. तो बसला. मामांनी गडद चादर घातली, कात्री हवेत वाजली, मग केसांत. त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. एक बाजू, मग दुसरी, मग दोन्ही हातांची बोटं.

"कसे झालेत?"

"झकास, मामा." त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

कात्री थांबली. शेजारच्या खुर्चीवर धाकट्याचा वस्तराही थांबला.

औषधवाल्याने चादरीतून हात बाहेर काढले. दोन्ही कल्ले चिमटीत धरून पाहिले.

"उजवा लांब आहे."

"कुठे?"

"इथे. जास्त नाही. पण आहे."

मामांनी दोन काप मारले. "आता?"

औषधवाल्याने पुन्हा पाहिलं. या वेळी घाई केली नाही. "आता सारखे आहेत."

"नक्की?"

"नक्की, मामा. आता मला उठू द्या, दुकान उघडं टाकून आलोय."

मामांनी चादर सोडली. औषधवाला "निघालो" म्हणाला आणि बाहेर पडला. मामा दारापर्यंत गेले, चौकटीला हात टेकला आणि त्यांच्या गोलात मावत होती तोवर त्याची पाठ बघत राहिले. कोपऱ्यावर ती थांबली नाही. डावीकडे वळली, औषधांच्या दुकानाकडे.

मामा आत आले. "पुढे कोण आहे?" त्यांनी विचारलं आणि हातातली कात्री वाजू लागली.